जादा ताकदीची जुनी गाडी घेताना

जुन्या गाड्यांच्या बाजारात एका विशिष्ट भाषेतल्या जाहिराती हल्ली वरचेवर दिसतात. ‘पोलो जीटी, स्टेज वन, फ्री फ्लो एक्झॉस्ट, पहिलाच मालक, हौशी माणसाची गाडी.’ खाली मालकाने लावलेल्या सुट्या भागांची यादी असते आणि त्यांवर झालेला खर्च वेगळा मांडलेला असतो. नवी असताना ज्या गाडीकडे पाहून उसासा टाकला, तीच आता निम्म्याहून कमी किमतीत, तीही वाढीव अश्वशक्तीसह मिळते आहे म्हटल्यावर पुण्या-मुंबईतल्या तरुण नोकरदाराचे मन डळमळले तर नवल नाही. खरेदीदाराचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो : किती बीएचपी आहे?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार उशिरा विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी विचारायला हवे की, ही जादा ताकद आली कोठून, ती कोणी काढली, आणि किती दिवस ती काढून घेतली जात होती. कारण इंजिनातून काढलेली वाढीव ताकद आकाशातून पडत नाही. कारखान्याने सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेल्या गंगाजळीतून ती उचललेली असते. आधीच्या मालकाने त्यातले किती खर्च केले आणि नव्या मालकाच्या वाट्याला किती शिल्लक उरले, एवढाच हिशेब अशा व्यवहारात पाहायचा असतो.

राखीव ताकदीचा हिशेब

आजकालच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. त्याला ईसीयू म्हणतात. कोणत्या वेगाला, किती भाराला, किती पेट्रोल सोडायचे, ठिणगी नेमकी कधी पाडायची आणि टर्बोचार्जर असेल तर त्याने हवेचा दाब किती वाढवायचा, याचे तक्ते त्यात भरलेले असतात. या तक्त्यांना ‘मॅप’ म्हणतात आणि ते बदलणे म्हणजे ‘रिमॅप’.

कारखाना हे तक्ते भरताना हात राखून भरतो. हीच गाडी जैसलमेरच्या उन्हाळ्यात धावणार, लडाखच्या विरळ हवेतही चढणार, एखाद्या आडगावच्या पंपावर भेसळीचे पेट्रोल पिणार, तिचे तेल तीन महिने उशिरा बदलले जाणार आणि तरीही वॉरंटीच्या काळात कंपनीच्या दारात येता कामा नये, हे सारे गृहीत धरलेले असते. प्रदूषणाच्या मर्यादा असतात त्या वेगळ्याच. कधी तर केवळ व्यापारी कारणाने ताकद कमी ठेवली जाते. फियाटचे १.४ लिटरचे टी-जेट इंजिन याचे उत्तम उदाहरण. २०१० मध्ये लिनिआमध्ये आले तेव्हा ते ११४ अश्वशक्ती देत असे. तेच इंजिन २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून ‘अबार्थ पुंतो’ या नावाने बाहेर पडले तेव्हा १४५ अश्वशक्ती देऊ लागले. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. साध्या पुंतोच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असत. अबार्थला चारही चाकांना डिस्क दिल्या गेल्या, गाडी जमिनीलगत आणली गेली आणि सस्पेन्शन ताठर केले गेले. कारखाना ताकद वाढवतो तेव्हा तिच्यामागून चालणाऱ्या बाकीच्या गोष्टीही बदलतो. गल्लीतला ट्यूनर बहुधा फक्त पहिले काम करतो.

टर्बो असलेल्या इंजिनात केवळ तक्ते बदलून साधारण २० ते ३० टक्के ताकद वाढते. यालाच बाजारात ‘स्टेज वन’ म्हणतात. हवा घेण्याची आणि धूर सोडण्याची नळी मोठी केली, इंटरकूलर बदलला की ‘स्टेज टू’. टर्बोच मोठा बसवला की त्यापुढची पायरी. या पायऱ्यांची कोणतीही अधिकृत व्याख्या नाही. एकाचा स्टेज टू दुसऱ्याच्या दुकानात स्टेज वन असू शकतो. म्हणून शब्दावर न जाता नेमके काय काय बदलले ते विचारावे.

टर्बो नसलेल्या गाडीची गोष्ट निराळी. २००० च्या दशकातील होंडा सिटी व्हीटेक अजूनही अनेकांची लाडकी आहे. पण अशा इंजिनात तक्ते बदलून हाती फारसे लागत नाही. फ्री फ्लो एक्झॉस्टने वाढतो तो मुख्यतः आवाज, आणि तो शेजाऱ्यांना मालकाआधी ऐकू येतो.

पोलोचे उदाहरण

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एकच गाडी घेऊन पाहू. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये भारतात आली. चाकणला बनलेल्या या गाडीचे १.२ लिटरचे टर्बो इंजिन १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क देत असे. सोबत सात गिअरांचा दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स होता. २०२० मध्ये तिची जागा तीन सिलिंडरच्या एक लिटर इंजिनाने घेतली आणि २०२२ मध्ये पोलोच भारतातून निवृत्त झाली. त्यामुळे आता हौशी मंडळींना जुन्याच पोलोवर भूक भागवावी लागते.

या पोलोतला डीएसजी डीक्यू२०० या सांकेतिक नावाने ओळखला जातो. त्याचे क्लच कोरडे असतात, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेलाची आंघोळ नसते. कंपनीने त्याची क्षमता २५० न्यूटन मीटर सांगितलेली आहे. मूळ इंजिन १७५ देत होते, म्हणजे ७५ न्यूटन मीटरची गंगाजळी शिल्लक होती. स्टेज वननंतर टॉर्क २२० ते २३० च्या घरात जातो. कागदावर मर्यादा ओलांडली गेलेली नाही, ट्यूनरही हेच सांगतो, आणि ते खोटे नाही. पण ७५ ची शिल्लक आता २० ते ३० वर आलेली असते. त्यात हा गिअरबॉक्स मुळातच नाजूक प्रकृतीचा. त्याच्यातील दोषांमुळे २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. सायनच्या सिग्नलला मे महिन्याच्या दुपारी इंच इंच सरकणारी गाडी पाहिली की कोरड्या क्लचवर काय बेतत असेल याची कल्पना येते. मोकळ्या द्रुतगती मार्गावर सुखाने धावणारी वाढीव ताकदीची पोलो शहरातल्या कोंडीत लवकर थकते, त्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. टर्बो दाब वाढवला की सिलिंडरमधील मिश्रण अधिक तापते आणि ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यानंतर एखाद्या कोपऱ्यात आपणहून भडकते. त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. बाहेरून ते डब्यात खडे वाजल्यासारखे ऐकू येते. आत मात्र पिस्टनवर हातोडीचे घाव बसत असतात. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक जितका जास्त, तितकी ही शक्यता कमी. आपल्याकडे साधे पेट्रोल वर्षानुवर्षे ९१ ऑक्टेनचे होते. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आणले, तेही मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील निवडक पंपांवर. म्हणून ट्यूनरने तक्ते कोणत्या ऑक्टेनसाठी भरले आणि मालक प्रत्यक्षात कोणते पेट्रोल भरत होता, हे दोन्ही विचारावे. ९७ किंवा १०० साठी बनवलेल्या मॅपवर साधे पेट्रोल भरून दोन वर्षे चालवलेली गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी आतून मार खाल्लेली असण्याची शक्यता मोठी आहे.

यात २०२५ पासून आणखी एका गोष्टीची भर पडली. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, हा फायदाच. पण त्याच हवेला काहीसे अधिक इंधन लागते. २०१७ किंवा २०१८ साली भरलेल्या मॅपमध्ये याचा विचार नसतो. सावकाश चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ही तूट भरून काढतो. पूर्ण दाबाने ॲक्सिलरेटर दिल्यावर, इंजेक्टर आधीच आपल्या मर्यादेला टेकले असतील, तर मिश्रण पातळ होते आणि उष्णता वाढते. जुन्या मॅपची गाडी घेणाऱ्याने मॅप पुन्हा तपासून घेण्याचा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे.

काम कोणी केले?

रिमॅपच्या धंद्यात तीन प्रकारची माणसे आहेत. काहीजण त्या विशिष्ट गाडीला डायनोवर चढवून, तिची प्रकृती पाहून तक्ते भरतात आणि आधीचा व नंतरचा आलेख हातात देतात. काहीजण परदेशातून आलेली तयार फाइल भरतात. ती चांगली असू शकते, पण ती युरोपातल्या थंड हवेचा आणि ९५-९८ ऑक्टेनचा विचार करून बनलेली असते. तिसऱ्या प्रकारात लॅपटॉप आणि कोठून तरी मिळवलेली फाइल एवढेच भांडवल असते. त्याशिवाय ‘ट्यूनिंग बॉक्स’ म्हणून एक डबी मिळते. ती ईसीयूला स्पर्श करत नाही. सेन्सरकडून येणारी माहिती खोटी करून ईसीयूला फसवते. डिझेल गाड्यांत ती विशेष दिसते. डबी काढली की मागमूस राहत नाही, म्हणून विक्रेत्यांना ती आवडते.

पावती मागावी. पावतीवर गाडीचा क्रमांक, तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर असावेत. ट्यूनरला फोन करून गाडीची चौकशी करावी. चांगला ट्यूनर आपल्या गाड्या ओळखतो आणि त्यांच्याविषयी आपुलकीने, कधीकधी तक्रारीच्या सुरातही, बोलतो. डायनोच्या आलेखावर मात्र भाळू नये. डायनो चाकांवरची ताकद मोजतो आणि इंजिनाची ताकद हिशेबाने काढतो. त्या हिशेबात किती तूट धरली आणि त्या दिवसाचे तापमान काय भरले, यावर दहा-पंधरा अश्वशक्ती सहज इकडची तिकडे होते. आलेखाचा खरा उपयोग त्याच्या आकारासाठी. रेषा जागोजाग दचकत असेल, किंवा वरच्या वेगाला एकाएकी कोसळत असेल, तर इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी माघार घेत होते असे समजावे.

‘पुन्हा मूळ स्थितीत आणली आहे’

सर्वांत फसवी गाडी ती, जिच्या जाहिरातीत बदलांचा उल्लेखच नसतो. विक्रीपूर्वी मूळ फाइल परत भरायची, जुना एक्झॉस्ट बसवायचा, महागडे भाग वेगळे विकायचे आणि गाडी ‘कंपनी फिटिंग’ म्हणून उभी करायची, हा सर्रास चालणारा प्रकार आहे. “साहेब, गाडी फक्त रविवारी काढायचो, तीही आई-बाबांना देवदर्शनाला न्यायला,” असे विक्रेता सांगतो आणि मागच्या टायरांपेक्षा पुढचे दोन दुप्पट झिजलेले असतात. पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढचे टायर थोडे लवकर झिजतात हे खरे. पण त्या फरकालाही एक मर्यादा असते.

अशा गाडीच्या खुणा शोधाव्या लागतात. एक्झॉस्टच्या पाइपावर नव्या वेल्डिंगचे ठसे, हवेच्या नळ्यांवर कंपनीच्या क्लिपांऐवजी बाजारातले क्लॅम्प, काचेशेजारच्या खांबावर मीटर बसवण्यासाठी पाडलेले आणि नंतर बुजवलेले भोक, ईसीयूच्या पेटीवर उघडल्याच्या खुणा. कंपनीच्या सर्व्हिस नोंदींत दीड-दोन वर्षांची पोकळी असेल तर ती नेमकी कोणत्या काळातली हे विचारावे. फोक्सवॅगन-स्कोडा गटाच्या अनेक ईसीयूंत फाइल किती वेळा भरली याची मोजदाद राहते आणि बदललेले सॉफ्टवेअर आढळलेल्या गाडीवर कंपनीच्या नोंदींत शिक्काही बसतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी करून घेतली तर ही माहिती मिळू शकते. मालक तेथे यायला टाळाटाळ करू लागला, तर तेही एक उत्तरच आहे.

उलट, उघडपणे ‘हे हे केले आहे’ असे सांगणारा, पावत्यांची फाइल पुढे करणारा, मूळ सुटे भाग माळ्यावर जपून ठेवणारा हौशी मालक बरा. तेल कंपनीच्या १५ हजार किलोमीटरच्या वेळापत्रकापेक्षा लवकर, सात-आठ हजारांवर बदलणारे, प्रत्येक पंपाच्या पेट्रोलची नोंद ठेवणारे असे मालक खरोखर असतात. अशा हाताखालची रिमॅप केलेली गाडी दुर्लक्षित मूळ गाडीपेक्षा चांगली निघते, असे माझे मत आहे.

तपासणी : थंड इंजिनापासून

गाडी पाहायला जाण्याच्या आदल्या रात्रीच मालकाला सांगावे की, सकाळी आपण येईपर्यंत इंजिन चालू करू नये. पोहोचताच बॉनेटला हात लावून पाहावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी यावे. जुन्या टर्बो गाडीची बहुतेक दुखणी पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलतात. चेन सैल झाल्याची खडखड, झिजलेल्या टर्बोतून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल उतरल्याचा निळा धूर. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. मॅप बेताल असल्याची ती खूण असू शकते.

त्यानंतर चांगल्या मेकॅनिकच्या हाती गाडी द्यावी. चांगला म्हणजे त्या जातीच्या गाड्या रोज उघडणारा. घरचा विश्वासू मेकॅनिक मारुती उत्तम जाणत असेल, म्हणून डीएसजीही जाणेल असे नाही. त्याच्याकडून करून घ्यायचे पहिले काम स्पार्क प्लग काढून पाहण्याचे. प्लग म्हणजे सिलिंडरच्या आतून आलेले पत्रच असते. फिकट तपकिरी रंग ठीक. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक करडे चकाकते कण दिसले, तर ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात आणि नॉकिंगचा त्याहून स्पष्ट पुरावा नाही. अशी गाडी तेथेच सोडावी, किंमत कितीही उतरली तरी.

प्लग काढलेलेच आहेत तर त्याच भोकांतून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. टर्बो पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार दाब दिसतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे आकडा मुंबईपेक्षा किंचित कमी येईल. त्याने घाबरू नये. पाहायचे ते सिलिंडरांतील अंतर. चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. तीन सिलिंडर १२ दाखवत असतील आणि चौथा ९, तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी गेलेले आहे. नेमके कोणते, ते लीकडाउन चाचणीत कळते. तिच्यात सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कोठून निसटते ते ऐकतात : तेलाच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. सर्व गॅरेजांत हे साधन नसते, पण ज्याच्याकडे आहे त्याला त्याचे पैसे द्यावेत. बोरोस्कोप नावाच्या बारीक कॅमेऱ्याने सिलिंडरच्या भिंतींवरचे ओरखडेही पाहता येतात. टीएसआयसारख्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जात असल्याने आत येणाऱ्या व्हॉल्व्हवर काजळी साचते. ती साफ करावी लागणे हा खर्च आहे, दोष नव्हे.

स्कॅनर लावताना केवळ ‘एरर नाही’ यावर समाधान मानू नये. एरर पुसून टाकणे हे दोन मिनिटांचे काम आहे. पण पुसल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना ‘रेडीनेस मॉनिटर’ म्हणतात, त्याही अपूर्ण दिसू लागतात आणि पुढे बरेच किलोमीटर चालल्यावरच पूर्ण होतात. स्कॅनरवर त्या अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच काहीतरी पुसले आहे किंवा बॅटरी काढली होती. नंतर चालत्या गाडीत ईसीयूने मागितलेला टर्बोचा दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांची तुलना करावी. दोन्ही रेषा जवळजवळ चालल्या पाहिजेत. मिळणारा दाब मागे पडत असेल तर नळी फुटली आहे किंवा टर्बो थकला आहे.

रस्त्यावरची चाचणी पाच मिनिटांची नसावी. आधी कोंडीत, मग मोकळ्या रस्त्यावर, मग चढावर. डीएसजी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरते का, ब्रेक सोडल्यावर हळूच पुढे सरकते की धक्का देते, हे कोंडीतच कळते. साध्या गिअरच्या गाडीत चौथ्या गिअरला कमी वेगावरून एकदम ॲक्सिलरेटर द्यावा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. वाढलेल्या टॉर्कपुढे आधी हार मानतो तो क्लचच. घाटाचा चढ उत्तम परीक्षक आहे. खंडाळ्याच्या चढावर भर दुपारी दहा मिनिटे गेल्यावर ताकद ओसरत असेल, तर इंटरकूलर अपुरा आहे. यासाठी वेगाची मर्यादा ओलांडण्याची काहीही गरज नाही. भार हवा असतो, वेग नव्हे.

ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांविषयी इतकेच : मालकाने इंजिनावर लाख रुपये खर्च केले आणि ब्रेक पॅड मूळचेच ठेवले असतील, तर त्याची प्राथमिकता कळते. ती गाडी कशी चालवली गेली असेल तेही कळते.

कायदा आणि विमा

येथे हौशी मंडळी कानावर हात ठेवतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हे पुन्हा ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-ए आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रिमॅप बाहेरून दिसत नाही, त्यामुळे नाक्यावरचा पोलीस तो पकडणार नाही, हे खरे. पण फ्री फ्लो एक्झॉस्ट ऐकू येतो. आणि त्यात कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला असेल, तर पीयूसीचे प्रमाणपत्र प्रामाणिकपणे मिळणे कठीण. नवा कन्व्हर्टर महाग असतो. त्याची किंमत विक्रेत्याच्या माथी मारावी.

विम्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. गाडीतील महत्त्वाचे बदल विमा कंपनीला कळवणे ही मालकाची जबाबदारी असते. न कळवलेल्या बदलांची गाडी अपघातात सापडली आणि सर्वेक्षकाने ते बदल टिपले, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. म्हणून सौदा ठरण्यापूर्वीच विमा कंपनीला बदलांची यादी लेखी कळवावी आणि उत्तरही लेखी घ्यावे. विकत घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो आणि आरटीओकडे हस्तांतरणाचा अर्ज ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ‘नंतर बघू’ म्हणणारे पुष्कळ असतात. नोंदणी ज्याच्या नावावर, त्याच्याच माथी अपघाताची नुकसानभरपाई, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा विक्रेत्यालाही घाई असायला हवी. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची ना हरकत आणि फॉर्म ३५ पाहावा. दिल्लीहून स्वस्तात आणलेली गाडी असेल, तर फॉर्म २८ खालचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कर यांचा हिशेब घातल्यावर ती स्वस्ताई बहुधा विरते.

किंमत

विक्रेता बदलांवर झालेला खर्च किमतीत मिळवतो. तो मान्य करू नये. लग्नातल्या रोषणाईचा खर्च घर विकताना वसूल होत नाही, तसेच हे आहे. मूळ स्थितीतल्या त्याच वर्षीच्या, तेवढ्याच चाललेल्या गाडीचा बाजारभाव ही वरची मर्यादा. तपासणीत निघालेले प्रत्येक काम त्यातून वजा व्हावे. शिवाय किमतीच्या १५-२० टक्के रक्कम बाजूला ठेवून मगच सौदा करावा. गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक भाग किंवा टर्बो गेला तर ही रक्कमही अपुरी पडेल. फियाट घेणाऱ्याने आणखी जपावे. कंपनीने या गाड्या बनवणे केव्हाच थांबवले आहे, आणि अबार्थचा एखादा भाग मिळेपर्यंत गाडी महिनोन्‌महिने इमारतीच्या आवारात कव्हरखाली झोपून राहू शकते.

सौद्याच्या कागदावर बदलांची यादी नावानिशी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मूळ एक्झॉस्ट, हवेची मूळ पेटी, मूळ सॉफ्टवेअरची फाइल, ट्यूनिंग बॉक्स असल्यास त्याच्या तारा, आणि दोन्ही किल्ल्या त्याच दिवशी ताब्यात घ्याव्यात. ‘पुढच्या आठवड्यात आणून देतो’ म्हटलेला एक्झॉस्ट सहसा येत नाही. गाडी घरी आणल्यावर इंजिनाचे तेल, फिल्टर आणि प्लग लगेच बदलावेत. जुने तेल फेकण्यापूर्वी त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर त्यातील धातूंच्या प्रमाणावरून बेअरिंगची स्थिती कळते. पहिले दोन हजार किलोमीटर मूळ फाइलवर चालवून पाहावेत. तेल किती घटते, कूलंट किती उतरते, कोंडीत गिअरबॉक्स कसा वागतो, हे एवढ्या अंतरात पुरेसे समजते. जादा ताकदीची फाइल पुन्हा भरायची की नाही, हे त्यानंतर ठरवायला वेळ असतो.